गाड्या नकोत, जंगल हवंय: डोंगराळ भागात सायकल टूरचा रूट कसा आखायचा

सायकलला पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या सामानाच्या पिशव्या) लावायचे, चार-पाच दिवस भटकायचं, मागून हॉर्न नको, दोन्ही बाजूला झाडी हवी आणि डोंगर पण हवेत, अशी इच्छा असणारे खूप जण भेटतात, आणि त्यातले बरेच जण पहिल्या टूरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी खडीच्या चढावर सायकल ढकलत स्वतःलाच शिव्या घालत असतात. मी पण घातल्यात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, रूट किलोमीटर बघून आखलेला असतो. "साठच तर आहेत, एरवी सकाळी नाश्त्याच्या आधी चाळीस होतात की." होतात ना, सपाट डांबरावर आणि सामानाशिवाय होतात.

मला जे सांगायचंय ते एका वाक्यात सांगतो, बाकी सगळं त्याच्याच मागून येतं. डोंगरात गाड्या नसलेला रस्ता दिसला की आधी विचारायचं, हा कोणी आणि कशासाठी बांधला? हौसेसाठी डोंगर कोणी फोडत नाही. कोणाला तरी तिथून रेल्वे न्यायची होती, लाकूड खाली आणायचं होतं, पाणी न्यायचं होतं किंवा खेचरं हाकायची होती. ते कळलं की चढ किती असेल, खाली काय असेल, मध्येच संपेल का, बोगदा लागेल का, हे निम्मं घरी बसूनच कळतं.

रेल्वेने बांधलेला

सामान लादलेल्या सायकलसाठी यापेक्षा भारी काही नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं, पकड कमी असते, त्यामुळे इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून साध्या रेल्वेमार्गाचा चढ सहसा एक ते दोन टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे एका किलोमीटरला दहा ते वीस मीटर. त्यासाठी लोकांनी डोंगर कापले, दऱ्यांत भराव घातले, बोगदे पाडले, पूल बांधले. पुढे गाडी बंद पडली, रूळ उचलले गेले, पण तो सगळा खटाटोप तिथेच राहिला आणि आता तो आपल्याला फुकट मिळतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ट्रेल १९६७ साली उघडली, रेल्वेच्या जागेवर सायकलची वाट करायच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी ही एक. जवळपास ५२ किमी लांब आणि तीन बोगदे, त्यातला सगळ्यात मोठा एक किलोमीटरपेक्षा जास्त लांब. त्याच देशातली ग्रेट अॅलेघेनी पॅसेज ही पिट्सबर्ग ते कंबरलंड, साधारण २४० किमी. मध्ये पाणलोटाची धार लागते, म्हणजे डोंगराचा तो माथा जिथून पाणी दोन्हीकडे वाहतं, सुमारे ७२९ मीटर उंचीवर. कंबरलंडकडून निघालात तर त्या धारेपर्यंत अंदाजे ३८ किमीत साडेपाचशे मीटर चढायचे, सरासरी दीड टक्क्याच्याही आत. पिट्सबर्गकडून आलात तर चढ इतका लांबवर पसरलेला आहे की कित्येक तास तो चढ आहे हेच कळत नाही, आणि शेवटी ते ३८ किमी उताराचे मिळतात. कुठून सुरू करायचं यावर लोक भांडतात, मी दुसऱ्या गटातला, बक्षीस शेवटी मिळालं तर बरं वाटतं.

युरोपात फेनबान आहे, जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या ट्रोआव्हिएर्जपर्यंत साधारण १२५ किमी, मध्ये बेल्जियम. हिची गंमत अशी की पहिल्या महायुद्धानंतर ही रेल्वेची पट्टी बेल्जियमला मिळाली, त्यामुळे पट्टीच्या पश्चिमेला अडकलेले जर्मनीचे काही तुकडे आजही चारी बाजूंनी बेल्जियमने वेढलेले आहेत. सायकलवरून जाताना काही जाणवत नाही, झाडं सगळीकडे सारखीच. तिकडे अॅड्रियाटिकच्या बाजूला पारेन्झाना आहे, १९०२ ते १९३५ चाललेली ७६० मिमी गेजची छोटी रेल्वे, त्रिएस्ते ते पोरेच १२३ किमी, आता इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा तीन देशांतून जाते.

नकाशावर जुनी रेल्वे ओळखायची खूण म्हणजे वळणं. रेल्वे कधी झटकन वळत नाही, लांबलचक निवांत कमानीसारखी वळते. डोंगराच्या पोटातून जाणारी अशी गुळगुळीत रेघ दिसली आणि ती कंटूरच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेघांच्या, जवळजवळ समांतर चालली असेल तर बहुतेक तीच. पण रेघ दिसली म्हणून वाट असेलच असं नाही हं. पूल काढून नेलेला असतो, एखादा तुकडा कोणाच्या शेतात गेलेला असतो. पूल नसेल तर तुम्ही चाळीस मीटर उंच भरावाच्या टोकावर उभे असता, समोर दुसरं टोक दिसतंय आणि मध्ये दरी. म्हणून प्रत्येक पूल आणि प्रत्येक बोगदा उपग्रह चित्रात आणि लोकांच्या ताज्या फोटोंत बघून घ्या.

एक तोटा पण सांगतो जो कोणी सांगत नाही. रेल्वेची वाट कधीकधी कंटाळवाणी होते. डोंगर कापून केलेल्या खोल चरीतून तासभर चालता, दोन्ही बाजूला ओल आणि शेवाळं, देखावा शून्य. म्हणून मी अख्खी टूर त्यावर करत नाही, तीन भाग रेल्वे आणि एक भाग वनरस्ता असं काहीतरी जमवतो.

लाकडासाठी बांधलेला

जंगलातला गेट लावलेला खडीचा रस्ता, तो हा. ओंडक्यांचा ट्रक चढला पाहिजे एवढंच त्याचं गणित, त्यामुळे दहा टक्क्यांच्या आसपासचे तुकडे सर्रास येतात आणि ट्रकला त्याचं काही वाटत नाही, तुम्हाला वाटतं.

पण चढापेक्षा मोठी फसवणूक वेगळीच आहे. हे रस्ते कुठे पोचायला बांधलेले नसतात, झाडांपर्यंत जायला बांधलेले असतात. त्यामुळे धारेच्या अलीकडचा रस्ता अलीकडून वर येतो, ट्रक वळवायला एक गोल जागा असते आणि तिथेच संपतो. पलीकडचा पलीकडून येतो आणि तो पण संपतो. नकाशावर दोघांच्या टोकांत तीनशे मीटर दिसतात आणि आपण मनात म्हणतो, तीनशे मीटर काय, जाऊ ढकलत. ते तीनशे मीटर म्हणजे तोडलेल्या झाडांचे बुंधे, काटेरी झुडपं आणि गुडघाभर फांद्यांचा कचरा. मला एकदा त्याला दोन तास लागले, आधी पॅनियर नेले, मग सायकल नेली, मग विसरलेली बाटली आणायला परत गेलो. आता माझा नियम आहे, धार ओलांडायची असेल तर ती खिंडीतूनच आणि तिथे नकाशावर सलग रेघ हवी, किमान पायवाट तरी, आणि त्या पायवाटेवरून कोणीतरी सायकल नेल्याचा पुरावा हवा.

खडी कोणती हेही बघा. दाबून बसलेली बारीक खडी म्हणजे स्वर्ग, डांबरासारखीच. पण नुकतीच दुरुस्ती केली असेल तर मुठीएवढे दगड पसरलेले असतात, ट्रकने दाबायचे बाकी असतात, त्यावर लादलेली सायकल चढावर चालतच नाही, पुढचं चाक आपल्या मनाने फिरतं. लाकूडतोड सहसा कामाच्या दिवशी चालते, म्हणून असे तुकडे मी शनिवार-रविवारी येतील असे बसवतो. आणि तोडणी चालू असल्याचा बोर्ड असेल तर वळसा घ्या, बाजूने गुपचूप निघून जाऊ असलं काही करू नका. मशीनमधल्या माणसाला तुम्ही दिसत नाही.

पाण्यासाठी बांधलेला

याच्याकडे कोणी बघत नाही आणि मला हा सगळ्यात आवडतो. डोंगरातून पाणी स्वतःच्या वजनाने न्यायचं तर चर जवळजवळ सपाट ठेवावी लागते, म्हणून ती डोंगराच्या पदरातून आडवी आडवी जाते, प्रत्येक सोंडेला वळसा, प्रत्येक घळीत आत, परत बाहेर. तिच्या कडेला देखभालीची वाट असते. न्यूयॉर्कला पाणी नेणारा जुना क्रोटन जलमार्ग १८४२ चा, मैलाला फक्त १३ इंच उतार, म्हणजे किलोमीटरला वीस सेंटिमीटर, आणि आज त्याच्या बऱ्याच भागावरून मातीची वाट जाते. अशा वाटेवर एका तासात पुढे फार सरकत नाही कारण वळसेच वळसे, पण पाय ताजे राहतात. दोन गोष्टी मात्र बघा, सायकलला परवानगी आहे का, आणि वाट किती रुंद आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, कठडा नाही आणि रुंदी दीड मीटर, असं असेल तर पॅनियर लावून मी जात नाही, चरीच्या भिंतीला पॅनियर घासला की सायकल दुसरीकडेच पडते.

खेचरांच्या आणि माणसांच्या जुन्या वाटा चौथ्या. पायाला वीस-पंचवीस टक्के चालतात, पायऱ्या पण चालतात. फोटोत सुंदर दिसतात. लादलेल्या सायकलसाठी नको.

नकाशावर काय बघायचं

ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला फुकट नकाशा, २००४ साली स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला, या कामासाठी आजही सगळ्यात उपयोगी, कारण जंगलातला खडीचा रस्ता तिथे कोणीतरी स्वतः जाऊन टाकलेला असतो. त्यात शेता-जंगलातल्या रस्त्यांना ट्रॅकटाइप नावाची खूण असते, ग्रेड १ ते ग्रेड ५. ग्रेड १ म्हणजे पक्का, ग्रेड २ म्हणजे दाबलेली खडी, ग्रेड ३ ला निम्मं मऊ निम्मं कडक, आणि ४-५ म्हणजे गवत आणि माती, पावसात विसरा. लादलेल्या सायकलला मी ग्रेड २ पर्यंत निर्धास्त, ३ कोरड्या हवेत, पुढचं नाही. सायकलओएसएम या त्याच नकाशाच्या सायकलसाठीच्या रूपात हे नीट दिसतं, आणि बीराउटर या रूट काढून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोफाइल बदलून डांबर टाळ, चढ टाळ असं सांगता येतं. अॅप कोणतंही घ्या, पण आपोआप निघालेल्या रूटवर तसेच निघू नका, अॅपच्या लेखी पायऱ्या पण कधीकधी रस्ताच असतो.

कंटूर वाचता येत नसतील तर आधी ते शिका, एका संध्याकाळचं काम आहे. रेघा दहा-दहा मीटरच्या असतील आणि एका किलोमीटरमध्ये तुमचा रस्ता पाच रेघा ओलांडत असेल तर पन्नास मीटर चढला, म्हणजे पाच टक्के. दहा रेघा ओलांडल्या तर दहा टक्के. फक्त आधी रेघा दहाच्या आहेत की वीसच्या हे कोपऱ्यात बघा, ही चूक झाली की दिवस दुप्पट अवघड होतो.

आता अॅपमधला तो हिरवा-लाल चढाचा ग्राफ. त्यावर थोडा संशय ठेवा, खासकरून जंगलात. उंचीचा बराचसा फुकट मिळणारा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने घेतलेला आहे, आणि दाट झाडीत रडारला जमीन दिसत नाही, झाडांचा वरचा भाग दिसतो. त्यात अरुंद दरी असेल तर रेघ थोडी सरकली तरी ग्राफमध्ये उंची उड्या मारते आणि शेवटी एकूण चढ फुगलेला दिसतो. सगळ्यात मजेशीर म्हणजे बोगदा. वाट डोंगराच्या पोटातून सपाट जाते, पण ग्राफला पोट माहीतच नाही, तो डोंगराच्या डोक्यावरून जातो. रेल्वेच्या वाटेवर मध्येच एक किलोमीटरचा सुळका दिसला, शंभर मीटर वर आणि शंभर मीटर खाली, तर घाबरू नका, नकाशा मोठा करा, बहुतेक तिथे बोगदा निघतो. पुलाचं याच्या उलट, ग्राफ दरीत उतरतो आणि परत चढतो.

दिवस किती लांब ठेवायचा

चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशोब दिला होता, तीन मैलाला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. सायकलसाठी मी तसाच एक करून घेतलाय, हा माझा आहे, तुमचा वेगळा निघेल. खडीवर ताशी १४ किमी धरायचे आणि दर शंभर मीटर चढाला १२ मिनिटं वर टाकायची. उताराचे पैसे परत मागायचे नाहीत, कारण खडीच्या उतारावर ब्रेक धरूनच जावं लागतं.

आता बघा. रेल्वेच्या वाटेवर ६० किमी, ४०० मीटर चढ, सव्वाचार तास अधिक पाऊण तास, म्हणजे पाच तास. वनरस्त्यावर ४५ किमी, ९०० मीटर चढ, सव्वातीन तास अधिक पावणेदोन तासांच्या वर थोडं, परत पाचच तास. आणि तेच ६० किमी वनरस्त्यावर १४०० मीटरसकट केले तर सात तासांच्या वर, यात पंक्चर नाही, फोटो नाहीत, गेट उघडणं नाही, नुसतं पेडल मारणं. थांबे धरून नऊ-साडेनऊ तास होतात. जंगलात आणि दरीत अंधार लवकर पडतो, बाहेर उजेड असताना आत दिवा लावावा लागतो, म्हणून शेवटचा तास हिशोबात धरूच नका.

पहिल्या टूरला दिवसाला पेडल मारण्याचे पाच तास पुष्कळ. पहिला दिवस चारच ठेवा. मोठा चढ सकाळी घ्या. आणि रोज एक पळवाट ठेवा, जिथून उतरून दहा-पंधरा किमीत गाव किंवा स्टेशन गाठता येईल, रेल्वेची बंद वाट बरेचदा कुठल्यातरी चालू रेल्वेलाच जाऊन मिळते, तो एक फायदा.

परवानगी

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. गाडीला बंदी म्हणजे सायकलला परवानगी असं नसतं आणि देशागणिक नियम पार उलटेपालटे आहेत. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सायकलला पण जबाबदारीने कुठेही जायचा हक्क आहे, बहुतेक सगळीकडे. शेजारी इंग्लंडमध्ये मात्र साध्या पायवाटेवर सायकलचा हक्क नाही, घोड्यांच्या वाटेवर आहे, तो १९६८ च्या कायद्याने दिला, तिथे पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी कोणीही फिरू शकतो पण वनरस्त्यावर सायकलला मालकाची परवानगी लागते, म्हणून तिथे ज्या रस्त्यांवर सायकलच्या खुणा लावल्यात तेच धरायचे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाट सायकलला बंद. म्हणजे सीमा ओलांडली की तोच खडीचा रस्ता कायदेशीर किंवा बेकायदेशीर होतो. जिथे जाणार तिथलं वनखातं काय म्हणतं ते निघायच्या आधी वाचा.

मधले डांबरी तुकडे

शंभर टक्के गाड्या नसलेला लांब रूट फार कमी ठिकाणी मिळतो, बाकी सगळीकडे आपल्याला शिवावा लागतो. दोन चांगले तुकडे आणि मध्ये पाच किमी डांबर, हे चालतं. वळसा घेऊन ते पाच किमी टाळायला वीस किमी आणि चारशे मीटर चढ जात असेल तर मी डांबर घेतो, पण सकाळी लवकर, आणि शक्यतो उताराच्या दिशेने, कारण चढावर तुम्ही ताशी सहाने रस्त्यात असता आणि तेवढा जास्त वेळ गाड्यांच्या तोंडी राहता. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर कडेला जागा आहे का ते रस्त्याच्या फोटोंत बघून घ्या. डांबरी बोगदा असेल तर तो तुकडाच बाद.

सायकल

नवीन घ्यायची गरज नाही, गिअर बघा. पुढे पेडलजवळ २२ दातांची चेनरिंग (दातांचं चक्र), मागच्या चाकाला ३४ दातांचं कॉग (तसंच चक्र), चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आतला, तर एका पेडलच्या फेरीत सायकल साधारण १.४ मीटर पुढे जाते, मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किमी. हेच हवंय. पुढे ३४ मागे ३४ असेल तर साठ फेऱ्यांना ताशी पावणेआठ होतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या चढावर सामानासकट एकतर पाय फुटणार नाहीतर उतरून ढकलणार. दुकानात "एवढा लहान गिअर कशाला" असं ऐकवतील. घ्या गपचूप.

टायर ४० मिमीच्या पुढचे, आणि हवा डांबरावर भरता तेवढी भरू नका, टणक टायर खडीवर उड्या मारतो आणि चढावर मागचं चाक नुसतं फिरतं. सामानाचं वजन खाली आणि दोन्ही बाजूला सारखं. पुढे पण थोडं वजन असू द्या, सगळं मागे लादलं की चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं.

ब्रेकचं मात्र मनावर घ्या. माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो, तीनशे मीटर उतरला, त्यातली बरीचशी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. सतत हलका ब्रेक धरून उतरायची सवय वाईट, रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, डिस्कचे पॅड चकचकीत होऊन पकड सोडतात. दाबा, वेग पाडा, सोडा, परत दाबा. मोठ्या उतारावर मध्ये थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, लावू नका, मी लावलाय.

प्रत्यक्ष वाटेवर

खडीच्या चढावर सीटवरून उठायचं नाही. उठलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर फिरतं. बसून, थोडं पुढे वाकून, हलक्या गिअरमध्ये, आणि गिअर चढ यायच्या आधी बदलायचा, चढाच्या मध्यात नाही, तिथे चेन कुरकुरते आणि कधी तुटते. थांबलातच तर परत सुरू करायला रस्त्यावर तिरपे उभे राहा, एक पेडल वर घ्या, आणि आडवी सुरुवात करून मग वळवा.

ओली मुळं, रुळाचे उरलेले तुकडे, गुरं अडवायच्या लोखंडी जाळ्या, लाकडी पूल, हे सगळं काटकोनात ओलांडायचं आणि वर असताना ब्रेक नाही, वळण नाही. ओल्या पानांखाली काय आहे ते कधीच दिसत नाही, वेग कमी.

गेटचं सांगतो, कारण दिवसात वीस गेट लागले की माणूस रडकुंडीला येतो. मोटरसायकल आत येऊ नये म्हणून नागमोडी लोखंडी अडथळे बसवलेले असतात, त्यातून पॅनियरवाली सायकल जात नाही, मागे ट्रेलर असेल तर विषयच संपला. हँडल वर उचलून सायकल मागच्या चाकावर उभी करून फिरवली की बरेचदा निघते. नाहीतर एका बाजूचा पॅनियर काढायचा, दोन्ही काढायची गरज नसते. आणि गेट जसं होतं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

चालणारी माणसं दिसली की लांबूनच घंटी, अगदी मागे येऊन वाजवली तर ती दचकून नेमकी आपल्याच बाजूला उडी मारतात. घोडा असेल तर घंटी नाही, तोंडाने बोला, माणसाचा आवाज त्याला ओळखीचा असतो, आणि स्वाराने खूण केली की मग हळू पुढे जा.

बोगद्यात शिरायच्या आधी थांबा. गॉगल काढा, जॅकेट घाला, दिवा लावा, मागचा पण. एक किलोमीटरचा बोगदा म्हणजे बाहेर ऊन असताना आत गार वारा, छतावरून मानेवर थेंब, आणि समोर नाण्याएवढा उजेड जो किती वेळ मोठाच होत नाही. डोळ्यांना मिनिटभर काही दिसत नाही, त्या मिनिटात लोक भिंतीला घासतात. काही बोगदे हिवाळ्यात बंद असतात, अॅलेघेनीवरचा बिग सॅव्हेज बोगदा दर हिवाळ्यात बंद करतात, आणि वटवाघळांसाठीही काही ठिकाणी बंद ठेवतात, तारीख आधी बघा कारण वरून वळसा म्हणजे तोच ग्राफमधला सुळका, या वेळी खरा.

पाणी धारेवर नसतं, ते खाली ओढ्यात असतं, म्हणून मोठ्या चढाच्या पायथ्याशीच भरून घ्या, दोन-तीन लिटर, आणि ओढ्याचं असेल तर उकळून किंवा फिल्टर करून, वर गुरं चरत असतात. गवतात बसलात तर संध्याकाळी गोचिडी बघा, गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत. लागलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल काही लावायचं नाही. मोबाईलला रेंज नसणार असं धरून नकाशे आधीच उतरवून ठेवा, आणि दरीत जीपीएसचा ठिपका रस्त्याच्या बाजूला वीस मीटर दिसला तर रस्ता चुकला असं लगेच समजू नका, झाडी आणि कडा सिग्नल उडवतात.

वादळानंतर झाड आडवं पडलेलं असतं. लादलेली सायकल एकट्याने उचलून पलीकडे टाकायचा पराक्रम करू नका, पाठ धरते किंवा गिअर बदलणारा डिरेलर वाकतो. पॅनियर काढा, पलीकडे ठेवा, मग रिकामी सायकल चेनची बाजू वर ठेवून सरकवा. वरच्या अंगाने वळसा घ्या, खालच्या अंगाने नको, खोड गडगडलं तर खालीच जातं.

आणि रोज सकाळी निघायच्या आधी रॅकचे बोल्ट हाताने हलवून बघा, चारही. खडीच्या थरथरीत ते सुटतात, पहिला पडतो तेव्हा आवाज येत नाही, दुसरा पडला की पॅनियर चाकात जातो. दोन जादा बोल्ट आणि त्यांची अॅलन की हँडलच्या बॅगेत ठेवा, पॅनियरच्या तळाशी नाही.